राखीव डबा की बदललेला रस्ता?

शहर बायकांसाठी सुरक्षित करायचं म्हटलं की पहिला उपाय राखीव जागेचा सुचतो. टोकियो, कैरो, मेक्सिको सिटी इथल्या रेल्वेत बायकांचे वेगळे डबे आहेत. फायदा लगेच मिळतो: गर्दीत अंग चोरून उभं राहावं लागत नाही. ज्यांना रोज हा त्रास होतो त्यांच्यासाठी हा डबा हवाच. पण स्टेशनाबाहेरचा अंधारा रस्ता तसाच राहतो. आणि जी राखीव डब्यात बसली नाही, तिलाच 'तू इकडे कशाला?' असं विचारलं जातं, हे मला फार खटकतं.

दुसरा मार्ग मूळ रचनाच बदलण्याचा. व्हिएन्नात 1997 मध्ये पूर्ण झालेली 'फ्राउएन-वेर्क-श्टाट' ही वसाहत स्त्री वास्तुविशारदांनी आखली. जिन्यात दिवसाचा उजेड, बाबागाडी ठेवायला प्रत्येक मजल्यावर जागा, आवारातच बालवाडी. मूल कडेवर, हातात पिशव्या घेऊन जिना चढलेल्या बाईलाच हे सुचू शकतं! घर, शाळा, बाजार, दवाखाना, काम अशा तुकड्यातुकड्यांच्या फेऱ्या बहुतेक शहरांत बायकाच जास्त करतात. नियोजन मात्र घर ते ऑफिस या सरळ रेषेचं होतं. रुंद फुटपाथ, बसायला बाक, स्वच्छ शौचालय यांचा उपयोग म्हाताऱ्यांना नि मुलांनाही होतो. अडचण एकच, याला वर्षं लागतात.

माझा कौल दुसऱ्या मार्गाला. तोवर डबा राहू दे, पण शहराचा नकाशा मंजूर होतो त्या टेबलाशी बायका आजच बसायला हव्यात.