काही महिने सलग कादंबऱ्या वाचल्यावर

पावसाळ्याच्या तोंडावर वाचनालयाचं सभासदत्व पुन्हा सुरू केलं. तेव्हापासून रात्रीची झाकपाक झाली की हातात कादंबरी असते. मला गोष्टीत रमायला आवडतं, वाचण्यामागे दुसरं काही कारण नाही. इतके महिने एकामागून एक वाचल्यावर माझी आवड कुठे झुकते ते चांगलंच कळलं आहे. कादंबरीतली माणसं पोटासाठी काय करतात हे मला दिसायला हवं. ते दिसलं की त्यांचं प्रेम, त्यांची भांडणं, त्यांचं मरण, सगळ्यावर माझा विश्वास बसतो. ते दिसलं नाही तर भाषा कितीही सुंदर असो, मन थोडं बाहेरच राहतं.

सगळ्यांत खोल गेली ती उद्धव शेळके यांची 'धग'. 1960 ची कादंबरी, वऱ्हाडातली. कौतिकचा नवरा महादेव जातीने आणि धंद्याने शिंपी, पण त्याचा कामात जीव नाही. घर चालवायचं ते कौतिकनेच. मोलमजुरी करायची, पोरांच्या तोंडी घास घालायचा, नवऱ्याला हलवून हलवून कामाला लावायचं. पुढे महादेवला महारोग होतो आणि होता तो आधारही जातो. मांडणी इतकी साधी आहे की लेखकाने कुठे काही 'केलं' असं वाटतच नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं अस्सल वऱ्हाडीत. पहिली काही पानं मला अडखळायला झालं, मग मी संवाद मोठ्याने वाचायला लागले आणि वाट मोकळी झाली. ज्यांचा वऱ्हाडीशी संबंध नाही त्यांनी हाच उपाय करावा. डोळ्यांना जे परकं वाटतं ते कानाला लगेच ओळखीचं वाटतं.

या पुस्तकाबद्दल 'फार दुःखी आहे, झेपणार नाही' असं मला आधी सांगण्यात आलं होतं. दुःखी आहे हे खरंच. पण कौतिक ही रडवण्यासाठी उभी केलेली बाई नाही. ती चिडते, हिशेब करते, आशा धरते, वेळप्रसंगी कठोर होते. उद्या काय शिजवायचं हा प्रश्न तिला रोज सोडवायचा असतो आणि तो ती सोडवते. मराठीत तिच्या तोडीची बाई मला फार थोड्या ठिकाणी भेटली आहे.

त्याच्या पाठोपाठ रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (1971) हाती आली. तीही शिंप्याच्या घराची, पण मराठवाड्यातली. इथे गंगारामची बायको स्वतःच सगळं सांगते, तेही तिकडच्या बोलीत. या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचाव्यात असं मी आवर्जून सांगेन. महादेव ढिला, गंगाराम ताठ. दोघांच्याही बायका त्या स्वभावाची किंमत मोजतात. मला 'पाचोळा'त विशेष पटलं ते गावातल्या कारागिराचं परावलंबित्व. शेतकऱ्याचं एखाद्याशी बिनसलं तरी त्याचं शेत त्याच्याजवळ राहतं. शिंप्याचं गिऱ्हाईक म्हणजे सगळा गाव. वजनदार माणसाशी वाकडं आलं की मशीन बंद पडायला वेळ लागत नाही. हे सगळं बायकोच्या तोंडून, तिच्या धास्तीतून कळत जातं. लेखक मध्ये पडून समजावत बसत नाही. आकाराने लहान पुस्तक आहे, पण मी एका बैठकीत वाचू शकले नाही. मध्ये थांबावंसं वाटलं.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) शाळेत असताना धड्यापुरती ऐकली होती, पूर्ण आत्ता वाचली. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो एवढीच गोष्ट. पोरं मेंढरांमागे जाणारी, त्यांना शाळेत कोण आणि का पाठवणार, इथून सुरुवात. मग मास्तर पत्रं लिहून देतो, लोकांची गाऱ्हाणी ऐकतो, त्यांच्या भानगडीत ओढला जातो आणि वाडी हळूहळू त्याची होते. पुढे सगळे मिळून तालीम बांधतात आणि तिच्यासाठी औंधचे राजे येतात. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे केवढे पुरस्कर्ते होते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हा प्रसंग वाचताना आणखी मजा येईल. शेवटी दुष्काळ पडतो. माणसं मेंढरं घेऊन निघतात तो भाग मी दोनदा वाचला. माडगूळकरांची वाक्यं लहान असतात आणि विशेषणं जवळजवळ नसतातच, तरी माळ, ऊन, लोकरीचा वास सगळं अंगाला लागतं. ज्याने वर्षानुवर्षं कादंबरी वाचलेली नाही त्याने इथून सुरुवात करावी.

आता माझ्या आवडीच्या चौकटीत न बसणाऱ्या दोन. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये कोणी काही काम करत नाही, सगळे बोटीवर आहेत. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर काढलेली हॅर्टा ही ज्यू मुलगी. पुस्तक आलं 1939 मध्ये, म्हणजे महायुद्धाला तोंड फुटलं त्याच वर्षी. पुढे ज्यूंचं काय झालं हे आपल्याला माहीत असतं आणि बोटीवरच्या कोणालाच माहीत नसतं. वाचताना ते जाणवत राहतं. व्हिसाशिवाय जाता येईल अशी जागा म्हणून त्या काळात हजारो ज्यू शांघायला गेले. हॅर्टाची बोटही मुंबई सोडून पूर्वेकडेच जाते. चक्रधरचा मला अनेकदा राग आला. जुन्या प्रेमभंगाचा कडवटपणा तो ज्या मुलीवर काढतो तिला तर देशच उरलेला नाही. पण त्याला चांगलं करून दाखवायचा प्रयत्न बेडेकर करत नाहीत, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. शेवट सांगत नाही. झोपण्यापूर्वी मात्र वाचू नका.

पु. शि. रेगे यांची 'सावित्री' (1962) सगळी पत्रांची, आणि तीही फक्त तिचीच पत्रं. समोरच्याचं उत्तर आपल्याला कधी दिसत नाही. मोराची वाट पाहणाऱ्या लच्छीची गोष्ट त्यात आहे, ती अनेकांना पाठ असते आणि ते योग्यच आहे. भाषा अतिशय निर्मळ आहे. तरी मी तिच्यात पूर्ण शिरू शकले नाही. या माणसांना घरखर्चाची चिंता नाही, आणि 'धग'मधून नुकती बाहेर आलेली मी त्यांच्या तरल बोलण्याकडे थोडी दुरूनच पाहत राहिले. मधे दुसरं एखादं पुस्तक वाचून मग ती घेतली असती तर बहुधा जास्त जवळची वाटली असती. पुन्हा वाचणार आहे.

श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'ला (1987) सर्वांत जास्त वेळ लागला. दोन खंड, हजाराहून अधिक पानं, कोकणातल्या जगबुडी नदीच्या काठावरच्या खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदार घराण्याच्या चार पिढ्या. 2018 च्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाशी तिच्या कथेचा संबंध नाही, त्या अपेक्षेने उघडू नका. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत आणि कोकण लिहीत. पहिला खंड मी अधाशासारखा वाचला. खोतांचा माज, वाड्यातले कट, बायकांचं घुसमटणं, एकेक माणूस ठसठशीत. दुसऱ्या खंडात माझा वेग मंदावला, कारण माणसं बोलायला जास्त लागतात आणि घडायला कमी. माझी खरी तक्रार वेगळी आहे. खोती चालायची ती कुळांच्या, म्हणजे खोतांची जमीन कसणाऱ्यांच्या कष्टावर. 1949 च्या कायद्याने ती गेली, त्याआधी कित्येक पिढ्या कुळांनी भात पिकवून खोतांचा वाडा भरला. मला त्या कुळांच्या घरात जायचं होतं. कादंबरी बहुतेक वेळ वाड्यातच राहते. एवढा मोठा पट असताना ही उणीव बोचते. तरीही कोकणातलं घराणं वर चढताना आणि उतरताना पाहायचं असेल तर ही वाचायलाच हवी. सवडीने, सुट्टीत.

नव्यांपैकी कृष्णात खोत यांची 'रिंगाण', जिला 2023 चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. धरणात गाव गेलेला देवाप्पा मागे राहिलेल्या म्हशीला शोधायला परत जातो. ती आता रानटी झाली आहे. गोष्ट एवढीच, पण म्हशीची चाल, तिचा संशय, माणसाला बिचकणं, हे ज्या बारकाईने येतं ते जनावर राखलेल्या माणसालाच जमेल असं वाटतं. वाक्यं लांब आणि गुंतलेली आहेत, दमवतात. पन्नासेक पानं धीर धरा, मग लय सापडते.

वाचनालयातल्या जुन्या प्रतींबद्दल एक सूचना. काहींचा टाइप फारच बारीक आहे, चष्मा असणाऱ्यांनी नवी आवृत्ती मागून घ्यावी. आणि बोलीतल्या कादंबऱ्यांना मागे शब्दार्थ देणाऱ्या आवृत्त्या निघाल्या तर माझ्या मुलीच्या वयाचे वाचकही 'धग' आणि 'पाचोळा' उचलतील. तिला मी आत्ता 'बनगरवाडी' दिली आहे.