पॉलिटीचा (राज्यघटना आणि राज्यव्यवस्था) वीकेंड क्रॅश कोर्स (शास्त्री रोड, पुणे): शिकवणं भारी, नोट्स शिळ्या

एमपीएससीवाल्यांसाठी लिहितोय. क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, नवी पेठेत फिरणाऱ्या पोरांना वर्णनावरून कळेलच. फी आजूबाजूच्या क्लासपेक्षा कमी, जागा कोंदट, पंखा फक्त पुढच्या दोन बाकांना लागतो आणि गाडी लावायला जागा शून्य. तरी चार स्टार देतोय आणि ते निव्वळ विधानसभा अध्यक्षांच्या लेक्चरसाठी.

हा टॉपिक सगळीकडे कलमं पाठ करून उरकतात. इथं सरांनी एका पोराला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि वर्गाची विधानसभा केली. आधी साधं विधेयक, मतदान बरोबरीत, मग अध्यक्षाचं कास्टिंग व्होट (बरोबरी फोडणारं मत), इथपर्यंत सगळ्यांना येतच होतं. मग सर म्हणाले, आता ह्याच्याच विरोधात पदावरून काढायचा ठराव आलाय, चौदा दिवसांची नोटीस पण होऊन गेलीय, उठ खुर्चीवरून. पोरगा बाकावर येऊन बसला, बाजू मांडली, सगळ्यांसोबत मत पण दिलं, पुन्हा बरोबरी झाली तसा सवयीने कास्टिंगसाठी हात वर केला आणि अख्खा वर्ग ओरडला, नाही चालत! कलम 181. वर सर म्हणाले की ठराव पास व्हायला हजर असलेल्यांचं नाही, त्या वेळच्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, म्हणजे खाली चहाला गेलेली पोरं पण धरायची. आता ते कलम 179 मी जन्मात विसरत नाही.

दुसरं म्हणजे सगळं आपल्या महाराष्ट्रातून सांगतात. फेब्रुवारी 2021 मध्ये नाना पटोलेंनी अध्यक्षपद सोडलं ते थेट जुलै 2022 पर्यंत खुर्ची रिकामी, तोवर उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ कारभार बघत होते, त्यांच्याकडे पक्षांतरावरून आमदारांच्या अपात्रतेच्या याचिका आल्या आणि त्यांच्याच विरोधात हटवायची नोटीस पण आली, मग अशा वेळी ते अपात्रता ठरवू शकतात का? सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या नबाम रेबिया निकालाप्रमाणे नाही, पण मे 2023 मध्ये त्याच कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तोच मुद्दा सात न्यायाधीशांकडे पाठवला. फळ्यावर बाण काढून काढून समजावलं, पक्षांतरबंदीचा गुंता पहिल्यांदा नीट डोक्यात बसला. बारा आमदारांचं वर्षभराचं निलंबन कोर्टाने जानेवारी 2022 ला का रद्द केलं (अधिवेशनाच्या पलीकडे निलंबन ताणता येत नाही) हे पण ओघात आलं. कुठल्या पक्षाचं चूक कुठल्याचं बरोबर यात सर शिरत नाहीत, मागच्या बाकावरून कोणी शिरायला लागलं तर सरळ गप्प बसवतात, हे मला फार आवडलं. विधान परिषदेच्या सभापतींना मात्र शेवटची पाचच मिनिटं मिळाली.

आता नोट्स. वेगळे पैसे घेतात आणि आत काय, तर अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाने होते! अहो डिसेंबर 2021 मध्येच नियम बदललाय, जुलै 2022 ची निवडणूक उघड झाली, राहुल नार्वेकरांना 164 आणि समोरच्याला 107, टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्राने शिरगणती बघितली. त्याहून कहर म्हणजे एक तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रता नाही असं छापलंय, ती सवलत 91 व्या दुरुस्तीने 2003 लाच गेली. काउंटरवर सांगितलं तर उत्तर आलं, जुना स्टॉक आहे, संपला की नवीन काढू. परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग आम्हाला बसतं, तुमच्या स्टॉकला नाही.

त्यापेक्षा अप्पा बळवंत चौकात संविधानाची मराठी प्रत घ्या, 178 ते 187 कलमं आणि दहावी अनुसूची (पक्षांतरबंदीची) वाचून लेक्चरला बसा. आणि ॲडमिशन घेताना सकाळची बॅच मागून घ्या, संध्याकाळी हाच विषय दुसरे सर घेतात आणि ते त्याच नोट्स वाचून दाखवतात.