नॅगिओस कोअर: पॅनेल लाल, मोबाइल गप्प

नॅगिओस कोअर म्हणजे नेटवर्कवर पहारा ठेवणारं आणि बिघाड कळवणारं सॉफ्टवेअर. कळंगुटच्या हॉटेलची लिंक शनिवारी रात्री बसते, पॅनेलवर होस्ट (नजर ठेवलेलं यंत्र, इथे राउटर) लालभडक होतो आणि मोबाइलवर मात्र शुकशुकाट. लिंक तशीच राहिली तर सोमवारी सकाळी नऊला मेल हजर! कारण सोबत येणाऱ्या नमुना फाइलमधल्या लिनक्स-सर्व्हर टेम्प्लेटचा (तयार सेटिंगच्या साच्याचा) नोटिफिकेशन पीरियड, म्हणजे निरोप पाठवायची वेळ, 'वर्कअवर्स' आहे, म्हणजे सोमवार ते शुक्रवार, 9 ते 5. विंडोज-सर्व्हर आणि स्विचच्या टेम्प्लेटमध्ये तोच 24x7 आहे. गोव्यात धंदा शनिवार-रविवारचा, त्यामुळे राउटर लिनक्स-सर्व्हरवर टांगला असेल तर ही ओळ आधी बदला. त्याच टेम्प्लेटमध्ये 5 मिनिटांनी तपासणी, 1 मिनिटाने फेरतपासणी आणि 10 प्रयत्न आहेत. हार्ड स्टेट (सगळे प्रयत्न फसून पक्की ठरलेली अवस्था) यायलाच 14 मिनिटं जाऊ शकतात. प्रयत्न 3 पुरेत.

अलर्ट आला नाही की कॉन्फिग चाळत बसू नका, नॅगिओसचा लॉग उघडा. 'होस्ट अलर्ट'च्या ओळीत सॉफ्ट असेल तर प्रयत्न अजून पूर्ण झालेले नाहीत. हार्ड आहे, पण पाठोपाठ 'होस्ट नोटिफिकेशन'ची ओळ नाही, तर अडवणूक आतच आहे: वेळ, डाउनटाइम (आधी नोंदवलेला बंद काळ), फ्लॅपिंग (सारखं चालू-बंद होणं) किंवा कॉन्टॅक्टचे (निरोप घेणाऱ्याचे) पर्याय. ओळ आहे आणि निरोप नाही, तर मेलकडे वळा. पॅनेलवरून कस्टम नोटिफिकेशन 'फोर्स्ड' करून पाठवलं की हे फिल्टर बाजूला पडतात आणि वाट तेवढी तपासली जाते.

आता माझा खरा राग: चेक-होस्ट-अलाइव्ह, म्हणजे होस्ट जिवंत आहे का ते बघणारी कमांड. पाच पिंग (उत्तर मागणारी छोटी पॅकेट्स), वॉर्निंग 80 टक्के लॉसला (पॅकेट्स हरवण्याला), क्रिटिकल 100 टक्क्यांना. होस्टच्या बाबतीत वॉर्निंग म्हणजे 'अप'च धरलं जातं. म्हणजे पाचांतलं एक पॅकेट रडतखडत परतलं तरी होस्ट हिरवा! पावसात वायरलेस लिंक अर्धमेली होते, गेस्ट रिसेप्शनवर येऊन भांडतात आणि नॅगिओस म्हणतो सगळं ठीक. क्रिटिकलची मर्यादा सरळ 60 टक्क्यांवर आणावी असं वाटतं. पण मग होस्ट डाउन ठरतो आणि त्यावरच्या सगळ्या सर्व्हिसेसचे (एकेका स्वतंत्र तपासणीचे) निरोप दाबले जातात, चालू असलेल्यांचेही. त्यापेक्षा होस्टची कमांड आहे तशी ठेवा आणि पिंगची वेगळी सर्व्हिस जोडा: वॉर्निंग उत्तराला 100 मिलिसेकंद किंवा 20 टक्के लॉस, क्रिटिकल 500 किंवा 60. जेनेरिक-सर्व्हिस टेम्प्लेटमध्ये तपासणी दर 10 मिनिटांनी होते, ती 2 वर आणा.

वीज येते-जाते, लिंक लुकलुकते. गेल्या 21 तपासण्यांत बदल 20 टक्क्यांवर गेला की नॅगिओस 'फ्लॅपिंग' ठरवतो आणि 5 टक्क्यांखाली येईपर्यंत गप्प बसतो. पहिल्या पावसात हे फीचर बंदच करावंसं वाटतं. बंद केलं की मेलचा पूर येतो, म्हणून आता मत वेगळं आहे: चालू ठेवा, फक्त होस्टच्या नोटिफिकेशन ऑप्शन्समध्ये 'एफ' (फ्लॅपिंगचा निरोप) जोडा. गप्प बसतोय एवढं तरी कळतं.

चवथीच्या सुट्टीसाठी पॅनेलवरून नोटिफिकेशन्स बंद केली असतील तर परत पॅनेलवरूनच चालू करा. मुख्य कॉन्फिग फाइल नॅगिओस डॉट सीएफजीमध्ये नोटिफिकेशन्ससमोर 1 लिहून रीस्टार्ट केलं तरी रिटेन्शनमधली, म्हणजे आधी साठवून ठेवलेली, जुनी अवस्थाच परत येते, कारण 'यूज रिटेन्ड प्रोग्राम स्टेट' मुळातच चालू असतं.

राहिला मेल. मेलक्यू (अडकलेल्या मेलची रांग दाखवणारी कमांड) चालवून बघा. ब्रॉडबँडवर पोर्ट 25 बऱ्याचदा बंद असतं, पोस्टफिक्सला (मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला) 587 वरून रिलेहोस्ट (मेल पुढे नेणारा सर्व्हर) द्या. आणि लिंक पडल्याचा मेल त्याच लिंकने जाणार असेल तर तो लिंक येईपर्यंत रांगेतच पडून राहणार, याला नॅगिओस काय करणार? जीएसएम डोंगल, गॅमू (त्यावरून एसएमएस पाठवणारं सॉफ्टवेअर) आणि प्रीपेड सिम लावा. नॅगिओस युजर 'डायलआउट' ग्रुपमध्ये हवा, नाहीतर डोंगलचं पोर्ट उघडत नाही.

लायसन्सचा खर्च शून्य, त्यामुळे चार तारे. पाचवा त्या 80 टक्क्यांनी खाल्ला. सिमची व्हॅलिडिटी मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा, ती संपल्याचं नॅगिओस सांगत नाही.