गोठ्याच्या वाटेवरचा दिवा आणि आधी घरातला बोर्ड उघडणारा वायरमन

आमचं घर देवरुखजवळ, जांभ्याचं, जुनं. पडवीपासून गोठ्यापर्यंत चाळीसेक फूट वाट, रात्री मिट्ट काळोख. याच वाटेवर दोनदा फुरसं निघालं, आणि सासूबाई पहाटे पाचला गोठ्यात जातातच. दिवा हवाच होता.

दोन वर्षांपूर्वी एकाने पडवीतल्या बल्बच्या होल्डरवरून दोन तारा ओढल्या, सांध्याला टेप गुंडाळली आणि लोखंडी खांबावर दिवा लावून दिला. तासाभरात काम झालं म्हणून आम्ही खूश. पहिल्या मोठ्या पावसात सासूबाईंचा हात खांबाला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. फ्यूज मात्र शाबूत. तो दिवस आठवला की अजून पोटात गोळा येतो.

यंदा एप्रिलमध्ये दुसऱ्या वायरमनला बोलावलं. तो आल्या आल्या म्हणाला, "काकू, होल्डरवरून लाइन देणार नाही. आधी बोर्ड बघू." मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून अख्खी सकाळ तो पडवीतच होता. खटका फेजऐवजी (करंट आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, बसवलेला निघाला. म्हणजे दिवा विझवला तरी खांबापर्यंत करंट होताच. वर अर्थिंगची तार तिथपर्यंत नेलेलीच नव्हती. मग फ्यूज का गेला नाही? त्याने समजावलं: तारेवर फार भार आला तरच फ्यूज वितळतो, माणसाचा जीव घेईल एवढी बारीक गळती त्याला कळतच नाही. त्यासाठी त्याने 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे अशी गळती झाली की लाइन तोडणारा खटका, बसवला (आमच्याकडे सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात) आणि बाहेरच्या दिव्याला 6 अँपिअरचा वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका) दिला.

मग चर खणला, अडीच फूट खोल. जांभ्यात ते सोपं नाही, दोन गडी लागले. दीड एमएमची तीन कोअरची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल, खाली-वर वाळू आणि वर विटांची रांग. उद्या कुणी तिथे खणलंच तर पहार आधी विटेवर आपटेल. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवलं. दिव्यापाशी केबल खाली झोल देऊन तळातून आत घेतली, म्हणजे पाणी झोलावरूनच ठिबकून जातं. दिवा आयपी 65 चा, धूळ आणि पाण्याचा फवारा सोसणारा. "पण वरून भोक पाडलंत तर आयपी गेला," हे त्याचंच वाक्य.

तक्रारी दोन. सांगितल्यापेक्षा चार दिवस उशिरा आला, आणि पडवीभर उडालेली लाल धूळ मलाच झाडावी लागली. पांढऱ्या उजेडावर पहिल्या पावसात किड्या-पाखरांचा थर जमायचा. कळवल्यावर पिवळ्या उजेडाचा दिवा बदलून दिला, फक्त फरकाचे पैसे घेतले.

सगळं मिळून 8,900 रुपये झाले. 18 वॅटचा दिवा रोज दहा तास जळला तरी महिन्याला साडेपाच युनिटच्या आत. जुलैच्या झडीतही आरसीसीबी एकदाही विनाकारण पडला नाही.

जाताना त्याने सांगितलं होतं, महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचं 'टी' बटण दाबून खटका पडतो का बघा. ते काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. एक तारखेला, चहाच्याही आधी.