सोसायटीची इतिवृत्तं आणि एआय : पावसाळ्यापासून वापरतोय, त्याचा अनुभव

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी, त्यामुळे सभांची इतिवृत्तं माझ्याच गळ्यात. गेल्या पावसाळ्यापासून त्यासाठी एक एआय चॅटबॉट वापरतोय. सगळ्यांना सांगून सभा रेकॉर्ड करायची, फोनवर तिचा मजकूर करून घ्यायचा आणि तो चॅटबॉटला देऊन 'कार्यालयीन मराठीत इतिवृत्त कर' म्हणायचं.

आधी कौतुक. आमच्याकडे 'एक लाख पंच्याहत्तर हजार' कोणी म्हणत नाही, 'पावणेदोन लाख' म्हणतात. ते १,७५,००० असं बरोबर उतरतं, साडेबाराशेही चुकत नाहीत. सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक हा साचा तर त्याला तोंडपाठ आहे. दोघं-तिघं एकदम बोलले की मजकुराची भेळ होते, पण ते फोनचं काम. ज्यात आख्खा रविवार जायचा ते आता चहा गार व्हायच्या आत होतं.

पण त्याला भाषा कळते का? मी मुद्दाम खोडी काढून बघितली. १९७२ मध्ये टेरी विनोग्राड या संगणकतज्ज्ञाने एक वाक्य मांडलं होतं : नगरसेवकांनी आंदोलकांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसाचाराची भीती वाटत होती. भीती कोणाला? हे व्याकरणातून कळत नाही, जग माहीत असावं लागतं. हे उदाहरण फार प्रसिद्ध, चॅटबॉटने वाचलेलं असणारच. म्हणून आमच्या बिल्डिंगमधलं दिलं. 'तिसऱ्या मजल्यावाल्यांनी चौथ्या मजल्यावाल्यांकडे तक्रार केली, कारण त्यांच्या बाथरूममधून पाणी गळत होतं.' कोणाच्या? चौथ्या. मग शेवट बदलला, 'कारण त्यांच्या छताला ओल आली होती.' उत्तर आलं, तिसऱ्या. पाणी वरून खाली येतं हे त्याने कधी बघितलेलं नाही. प्रचंड मजकूर वाचून पुढे काय येईल याचा अंदाज बांधायला शिकलाय, एवढंच. तरी बरोबर! १९५४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएमने २५० शब्द आणि ६ नियमांवर संगणकाकडून रशियन वाक्यांचं इंग्रजी करून दाखवलं, तेव्हा तीन ते पाच वर्षांत यंत्राने भाषांतर करण्याचा प्रश्न सुटेल असं बोललं गेलं होतं. १९६६ च्या अमेरिकी सरकारी अहवालाने ती हवा काढून घेतली. त्या मानाने हे कुठल्या कुठे पोचलंय.

आता रडगाणं. वार्षिक सभेत वॉटरप्रूफिंगसाठी जादा वर्गणी काढायचा विषय निघाला. मागच्या खुर्चीवरून एक काका म्हणाले, 'एवढी घाई काय आहे, दिवाळीनंतर बसू की.' दोन-चार माना डोलल्या. विषय बारगळला, हे तिथे बसलेल्या शाळकरी पोरालाही कळलं असतं. इतिवृत्तात काय आलं? 'सदर विषयावर दिवाळीनंतर बैठक घेण्याचे सर्वानुमते ठरले.' एक वहिनी वैतागून 'वा, लिफ्ट तर काय झोकात चाललीये आपली' म्हणाल्या, त्याचं झालं 'लिफ्टच्या कामकाजाबद्दल समाधान व्यक्त करण्यात आले'. मजकुरात सूर उतरत नाही, म्हणून लिफ्टचं एकवेळ सोडून देऊ. पण 'सर्वानुमते' कुठून आलं? सभेत कोणी ते उच्चारलंही नव्हतं. इतिवृत्तांत अशा जागी तसं लिहितात, म्हणून आलं. आणि त्याखाली सही माझी! उद्या वर्गणीवरून भांडण लागलं की हाच कागद कोणीतरी माझ्या तोंडावर फेकणार.

जुना कारकून असता तर पेन थांबवून म्हणाला असता, 'साहेब, हे खरंच ठरलं का?' म्हणून चॅटबॉटला सूचना दिली की शंका येईल तिथे लिहू नकोस, मला विचार. मग त्याने विचारलं. तारीख कशी लिहू, ठराव क्रमांक कितीपासून सुरू करू, अध्यक्षांच्या नावामागे श्री. लावू का. दिवाळीबद्दल अवाक्षर नाही. तिथे त्याला शंकाच आली नव्हती.

सध्या 'ठरले', 'मान्य' आणि 'सर्वानुमते' असलेली प्रत्येक ओळ मी रेकॉर्डिंगशी ताडून बघतो, बाकीचं तसंच जाऊ देतो. सबस्क्रिप्शन चालू ठेवलंय, पैसे अजून माझ्याच खिशातून. कमिटीकडे मागितले, तर म्हणाले दिवाळीनंतर बघू.