सॅन स्टॉर्म: एक पावसाळा, एक कूपे आणि मागची प्लास्टिकची काच

गणपती झाले, पाऊस उघडला, कडक ऊन पडलं म्हणून माझ्या सॅन स्टॉर्म या जुन्या टू-सीटर गाडीचा दुमडता कापडी टप खाली घेतला आणि मागची प्लास्टिकची काच घडीवर तडकली. आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मे महिन्यात शिवून घेतलेला कोरा टप, १८,००० रुपये मोजलेले. गाडीबद्दल सगळं लिहिणार आहे, पण सुरुवात या काचेपासूनच करते. कोकणात उघड्या टपाची गाडी घ्यायची की नाही हे इंजिनवर ठरत नाही, या हातभर प्लास्टिकवर ठरतं.

ज्या कुशनवाल्याकडे टप शिवला त्याच्याकडे गेले. त्याचं म्हणणं, "मॅडम, प्लास्टिकची गॅरंटी कोण देतं?" मी शिलाई उलटी करून दाखवली. साधा सुती दोरा. पावसात तो भिजून कुजायला लागला होता आणि सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत आलं होतं. आतल्या अस्तरावर काळ्या बुरशीचे ठिपके बरोबर शिलाईच्या रेषेत पडलेले. प्लास्टिक तर टेबलावर अंथरायला मीटरवर मिळतं तेच. उन्हाला टिकणारं जाड व्हिनाइल आणि पॉलिएस्टरचा दोरा हवा, हे मी मे महिन्यात त्याला कागदावर लिहून दिलं होतं, त्या कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. तासभर वाद झाला. शेवटी ४,००० परत मिळाले, तेही "ओळखीचं गिऱ्हाईक" म्हणून. उरलेल्या १४,००० चा राग अजून गेलेला नाही.

आता मूळ निवड: उघड्या टपाची गाडी की कूपे, म्हणजे दोन दारांची बंद टपाची गाडी. बाहेरच्या देशांत हा प्रश्न माझदा एमएक्स-५ की टोयोटा जीआर८६ असा पडतो. एक साधारण टनभर वजनाची उघडी टू-सीटर, दुसरी साडेबाराशे-तेराशे किलोची बंद टपाची, मागे नावाला दोन सीट. आपल्याकडच्या शोरूममध्ये दोन्ही नाहीत, तेव्हा जुन्या बाजारात जे मिळेल त्यातच बघायचं. माझ्यासमोर होती म्हापशाजवळ एका घरी झाकून ठेवलेली सॅन स्टॉर्म आणि पुण्यातली एक वापरलेली जर्मन कूपे. स्टॉर्मची जुजबी माहिती: गोव्यात बनलेली, रेनॉचं ११४९ सीसीचं ६० बीएचपीचं इंजिन, फायबरची बॉडी. कूपेची ताकद तिच्या दुपटीहून जास्त, एसी फक्कड, किंमत जवळजवळ अडीच पट. मी स्टॉर्म घेतली. कूपे मामेभावाला आवडली, त्याने ती उचलली. तो देवगडला, मी वेंगुर्ल्यात. पावसाळाभर आम्ही गाड्यांची अदलाबदल करत राहिलो, त्यामुळे पुढचं सगळं दोन्ही गाड्या हाताखालून गेल्यावरचं आहे.

गोव्याची गाडी सिंधुदुर्गात आणणाऱ्यांनी कागदपत्रांचा खर्च आधी मांडून घ्यावा. तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स, आणि गाडी १५ वर्षांवरची म्हणून फिटनेस, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. एमएच-०७ ची पाटी लागेपर्यंत घासाघीस करून वाचवलेले पैसे बहुतेक संपले होते. किंमत ठरवताना हे मालकासमोर बोलून दाखवा, तो थोडा खाली येतो.

चालवायला स्टॉर्म फार गोड आहे. वेंगुर्ल्याहून म्हापण, परुळ्यावरून मालवणकडे जाणारा रस्ता हा वळणांचा, उतारांचा, मध्येच नारळी-पोफळीत शिरणारा. तिथे ६० च्या वर जायची संधी फार कमी मिळते. अशा रस्त्यावर कूपेची ताकद नुसती बसून राहते, आणि स्टॉर्ममध्ये तिसऱ्या गियरवर सगळं इंजिन वापरून घेतल्याचं समाधान मिळतं. हलकी गाडी वळणात उशिरा ब्रेक घेऊ देते, टायर कमी झिजवते, पेट्रोल कमी पिते. खड्डा मात्र लपवत नाही. छप्पर हा कुठल्याही बंद गाडीच्या बॉडीच्या ताकदीचा भाग असतो. ते काढलं की सगळा भार खालच्या सांगाड्यावर येतो, आणि एक चाक खड्ड्यात गेलं की बॉडी किंचित पिळते. स्टॉर्ममध्ये ते समोरच्या काचेच्या चौकटीत आणि आरशात थरथरतं. कूपेत त्याच खड्ड्याला फक्त दणका बसतो, थरथर नाही. रोज कुडाळपर्यंत येजा करणाऱ्याला हा फरक पाठीत कळतो.

गतिरोधकांबद्दल एवढंच: दोन्ही गाड्या तिरक्या घालाव्या लागतात, आणि गावातल्या गतिरोधकांना काही मापच नाही.

ऑगस्टमध्ये कोणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून कूपे सांगितली असती. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. टप बंद असला तरी बाजूच्या काचेला वरून चौकट नाही, काच नुसती रबराच्या बीडिंगला टेकते. वाऱ्याबरोबर आडवा पाऊस आला की उजव्या मांडीवर थेंब. टप जिथे मागे दुमडून बसतो तिथे पाणी जायला पन्हळ आणि दोन भोकं आहेत. आमच्याकडे किनाऱ्याला सुरूची झाडं. त्यांच्या सुया पन्हळीत साचून भोकं बुजली आणि सीटमागचा गालिचा कित्येक दिवस ओला राहिला. दार उघडलं की कुबट वास. मी गालिचा काढून चुलीवरच्या माळ्यावर वाळत टाकला, तरी वास जाईना. याच काळात आंबोली घाटातून धुक्यात कूपे चालवली. मागच्या काचेला डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणारी सोय), आत कोरडं, रेडिओ ऐकू येतोय. डिकीत दोन पोती नारळ मावले. स्टॉर्ममध्ये एक पिशवी ठेवताना विचार करावा लागतो.

माझं मत बदललं ते पावसाळा संपल्यावर, आणि दोन गोष्टींनी.

पहिली कूपेची. मामेभावाचं घर खाडीच्या तोंडाशी, गाडी पडवीच्या पुढे उभी, रात्रंदिवस खारा वारा. ऑक्टोबरात गाडी लिफ्टवर चढवली. मेकॅनिकने दाराखालच्या पट्टीवर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकली तर आवाज बसका आला. टोकाने दाबलं तर पत्रा आत गेला. वरून रंग चकचकीत, एक फोड नाही. गंज आतून खात होता, पाणी जायची भोकं चिखलाने बुजलेली. बंद टपाच्या गाडीत पाणी येत नाही ही समजूत किनाऱ्यावर खरी नाही. पाणी येतं, फक्त दिसत नाही. पत्रा कापून नवीन जोडायचं एस्टिमेट त्याला ८५,००० सांगितलं. शिवाय हे काम कोल्हापूरला न्यावं लागणार, कारण इथे तसा पत्रा जोडणारा नाही.

दुसरी गोष्ट माझ्या गाडीची. शिरोड्याच्या एका पाणंदीत समोरून टेम्पो आला, मी मागे घेतली आणि चिऱ्याच्या गडग्याच्या कोपऱ्याला मागचं मडगार्ड घासलं. फायबर तडकलं, वीतभर लांब, तळहात जाईल एवढा तुकडा आत दबला. दोन डेंटिंगवाल्यांनी गाडी बघून हात जोडले. पत्रा ठोकता येतो, हे ठोकता येत नाही. एकाने अख्खं मडगार्ड बनवून घ्या सांगितलं. मग शेजारच्या काकांनी मला बंदरावर पाठवलं, फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, तडीवर नख फिरवलं आणि म्हणाला, "ह्या तर होडयेचाच काम, बाय. परवा ने."

मी तिथेच थांबून बघितलं. आधी तड ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी उतरती घासली, म्हणजे नव्या थराला धरायला जागा मिळते. आतल्या बाजूने काचेच्या तंतूंची मॅट फाडून लावली. कात्रीने कापत नाहीत, फाडलेल्या कडेचे तंतू एकमेकांत मिसळतात म्हणून. डबड्यात रेझिन, त्यात हार्डनर थेंब मोजून. उकाडा बघून त्याने दोन थेंब कमी टाकले, नाहीतर हात फिरवायच्या आत घट्ट होतं. ब्रशने टोचत टोचत आतला हवेचा प्रत्येक बुडबुडा बाहेर काढला. तीन थर. बाहेरून जेलकोट, म्हणजे रेझिनचा वरचा गुळगुळीत थर, मग पाण्यात भिजवून पॉलिश पेपर. सगळे मिळून २,५०० रुपये. रंग वेगळा मारून घेतला, पण जिथे तड होती ती जागा आता दाखवल्याशिवाय ओळखू येत नाही. होडीला रोज लाटांचे तडाखे सोसावे लागतात, त्या मानाने माझं मडगार्ड त्याच्या हाताखाली फार किरकोळ होतं.

इथेच माझं उत्तर ठरलं. या किनाऱ्यावर कोणती गाडी चांगली, याचा अर्थ इथल्या माणसांना कोणती गाडी दुरुस्त करता येते. फायबर गंजत नाही, आणि बंदरोबंदरी त्याचे कारागीर आहेत. खालची लोखंडी चेसिस मात्र गंजते, ती दर पावसाळ्याआधी धुऊन, वाळवून, कोटिंग करून घ्यायलाच हवी. यात कंजुषी करू नका.

टपाचंही तसंच झालं. गोव्यात नदीवरच्या बोटींची कव्हरं आणि छतं शिवणारा एक जण मिळाला. त्याच्याकडे बोटींना लावतात ते उन्हाचं व्हिनाइल, जाड पॉलिएस्टर दोरा, आणि शिलाईवर आतून पट्टी चिकटवायची पद्धत. २६,००० घेतले. पहिल्यापेक्षा महाग, पण बिलावर कापडाचं आणि दोऱ्याचं नाव लिहून दिलं. त्याच्याकडून मी आणखी एक गोष्ट करून घेतली: मागच्या काचेला चेन (झिप). १९८९ च्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ लाही मागची काच प्लास्टिकचीच होती आणि टप दुमडण्याआधी चेन उघडून ती आडवी पाडायची सोय होती. १९९८ च्या दुसऱ्या पिढीत खरी काच आली. तीच जुनी युक्ती. आता काच घडीत सापडतच नाही, सपाट पडते. ज्यांच्याकडे कुठलीही जुनी टपाची गाडी आहे त्यांनी टप शिवताना ही चेन लावून घ्याच. काच कोरडी पुसू नका, खाऱ्या धुळीने ओरखडे उठतात. आधी भरपूर पाणी ओता, मग मऊ कापड. ओला टप कधीही दुमडून ठेवू नका. पावसाळ्यात दर रविवारी पन्हळीतल्या सुया बोटांनी काढा आणि तांब्याभर पाणी ओतून ते चाकापुढे खाली पडतंय का ते बघा. आणि गाडी माडाखाली लावू नका. पत्र्याच्या टपावर नारळ पडला तर पोचा पडतो, कापडाच्या टपावर पडला तर तो थेट सीटवर येतो.

आता ई-२० पेट्रोलच (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) सगळीकडे मिळतं, म्हणून टाकीपासूनच्या जुन्या रबरी नळ्या मी सगळ्या बदलून घेतल्या. दोन हजारांच्या आत काम झालं, आणि आठवडाभर येणारा पेट्रोलचा वास गेला. या वयाच्या गाडीला हे पहिल्याच आठवड्यात करा.

दिवाळीनंतरचे दिवस या गाडीचे. संध्याकाळी पाचला टप खाली, शिरोडा-रेडीवरून तेरेखोलपर्यंत. सुकत घातलेल्या मासळीचा वास, मग काजूच्या बागा, मग एकदम समुद्र. कूपेत याच रस्त्यावर मी काच उतरवून बसते, पण ती मजा नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी टप उघडायचा प्रश्नच येत नाही, आणि एसी जेमतेम आहे, तेव्हा ज्यांना बारा महिने दुपारी फिरायचं आहे त्यांनी ही गाडी घेऊ नये. ज्यांच्याकडे पक्क्या छपराखाली जागा नाही त्यांनीही घेऊ नये, झापांच्या मांडवाने भागत नाही.

मामेभाऊ कूपे विकायला काढतोय. कोणाला बघायची असेल तर दाराखालची पट्टी दाबून बघा आणि पत्रा जोडायचे ८५,००० सरळ किमतीतून वजा करून बोला. मी त्यालाही तेच सांगितलं आहे. माझी स्टॉर्म विकायची नाही, पण तिची समोरची काच, मूळ किंवा मापाची, कोणाकडे पडून असेल तर कळवा. ती फुटली तर बंदरावर कोणी करून देणार नाही, आणि त्या एका गोष्टीची मला अजून धास्ती आहे.