पोटरी, थोबाड आणि ढेरी: बोलीतल्या स्पॅनिशचा आठ तासांचा कोर्स

मेक्सिकोत, ग्वादालाहारात, योग शिकवायला लागून दीड वर्ष झालं. पुस्तकी स्पॅनिश बरं येत होतं, पण वर्गातल्या बायका पोटरीला पुस्तकातलं ‘पान्तोर्रिया’ कधी म्हणतच नाहीत. पोटरीत गोळा आला की ओरडतात, “आय, मि चामोर्रो!” मला चामोर्रो माहीत होता तो हॉटेलातला, डुकराच्या तंगडीचा. म्हणून हा ऑनलाइन कोर्स घेतला: फक्त अवयवांची बोलीतली नावं. आठ तास, दीड हजार पेसो.

शिकवणारी बाई झकास. शब्द द्यायच्या आधी ती विचारते, हे कोण कुणाला म्हणतंय, आणि चिडून की लाडानं? ‘ओसिको’ म्हणजे जनावराचं तोंड. माणसाला म्हटलं की सरळ मुस्काट. ‘हेता’ म्हणजे थोबाड. ‘पाता’ तंगडी, ‘पेस्कुएसो’ मानगूट, ‘ग्रेन्यास’ झिंज्या, ‘कोको’ टाळकं, ‘पान्सा’ ढेरी. इंग्रजीतून शिकणारे बाकीचे चौघे वहीत नुसतंच ‘तोंड, चेहरा, पाय’ लिहीत बसले. माझं पाठांतर लहानपणीच झालं होतं, आजीच्या तोंडून. एवढ्यावर मी पाच तारे द्यायला निघाले होते.

पण बाई स्पेनच्या, आणि ते त्यांनी सांगितलं चौथ्या तासाला! तोवर मी ‘कुलो’ हा ढुंगणाचा घरगुती शब्द म्हणून शिकून वर्गात वापरलाही होता. अधोमुख श्वानासन चालू, सोळा बायका खाली डोकं करून, आणि मी खणखणीत आवाजात: “सुबान एल कुलो!” स्पेनमध्ये हे चालून जातं. मेक्सिकोत तो चारचौघांत काढायचा शब्द नाही. आधी शांतता, मग एक खुसखुस, मग पटापट सगळ्या मॅटवर आडव्या. सत्तरीतली एक सेन्योरा तेवढी तशीच उलटी राहून म्हणाली, “पोम्पीस, माएस्त्रा. पोम्पीस.”

मी तक्रार केल्यावर देशवार शब्दांचं एक पान आलं, तेही अर्धवट. ‘काचेते’ला त्यात ‘चापट’ लिहिलंय. इथे तो गाल. कोपर थोपटत एखाद्याला ‘कोदो’ म्हटलं की तो चिक्कू, हे तर त्यात नाहीच. कॉफीची वर्गणी न देणाऱ्या मैत्रिणीबद्दल एकजण तसं सांगत होती आणि मी तिलाच कोपराचा व्यायाम दाखवत बसले.

पाचपैकी साडेतीन. स्पेनला जाणाऱ्यांनी डोळे मिटून घ्या. मेक्सिकोत राहणाऱ्यांनी आधी शिकवणारा कुठला ते विचारा, आणि जोडीला डोक्याच्या मांसाच्या टाकोंची गाडी गाठा. पाटीवर काचेते, लेंगुआ (जीभ), त्रोम्पा (मुस्काट), ओहो (डोळा), सेसोस (मेंदू) असं सगळं ओळीनं असतं, आणि गाडीवाला प्रत्येक नावासरशी सुरीनं तो तुकडा दाखवतो. मी शाकाहारी, शेजारच्या गाडीवर चीजची केसादिया खात उजळणी करते.